घसा धरला, पण कशानं?

3 जून 2021. कोरोनाची दुसरी लाट ओसरू लागली होती. घरात कोणी नुसतं खाकरलं तरी बाकीचे दचकून बघायचे, असे ते दिवस. त्या रात्री साडेदहाच्या सुमारास बदलापूरच्या शिरगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात रासायनिक प्रक्रियेची उष्णता हाताबाहेर गेली आणि वायुगळती झाली. सुमारे तीन किलोमीटरच्या परिसरात लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसा जळजळू लागला, कोणाला मळमळलं, कोणाला श्वास जड झाला. अग्निशमन दलानं तासाभरात गळती थांबवली.

त्या रात्री एरवी कोणाच्याही मनात येणारी कोरोनाची शंका टिकणं शक्यच नव्हतं. विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातो, अंगात मुरायला त्याला दोन-चार दिवस लागतात, आणि एकाच घरातही तो सगळ्यांना एका मुहूर्तावर गाठत नाही. अख्ख्या वस्तीचा घसा पाच-दहा मिनिटांत धरला, तर कारण हवेतच असणार. निदानाचा हा सगळ्यात जुना आणि फुकटचा नियम आहे. घसा कधी धरला, कुठे असताना धरला आणि आणखी कोणाचा धरला, हे तीन प्रश्न विचारायचे. आपल्याकडे मात्र एकच प्रश्न विचारला जातो, ‘काय थंड खाल्लंस?’ उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत तरी आइस्क्रीमवर एवढा आळ घेणं अन्यायाचं आहे.

मोबाइलचा टॉर्च लावून आरशासमोर मोठा आ करा. मधोमध लोंबते ती पडजीभ. तिच्या दोन्ही बाजूंना कमानीच्या आडोशाला टॉन्सिल. त्यामागे दिसते ती ओलसर, गुलाबी भिंत म्हणजे घशाची मागची बाजू. नाकाच्या मागून सुरू होऊन अन्ननलिकेच्या तोंडाशी संपणारा हा सगळा मार्ग मोठ्या माणसात जेमतेम बारा-तेरा सेंटीमीटरचा आहे. पण त्यातून हवा जाते, अन्न जातं, नाकातला शेंबूड मागच्या मागे उतरतो आणि कधीकधी जठरातलं आम्लही वर येतं. एवढी वर्दळ असल्यामुळे इथल्या अस्तरात संवेदना टिपणारे मज्जातंतूंचे धागे दाट पसरलेले असतात.

या धाग्यांच्या टोकांवर विशिष्ट प्रथिनं असतात. त्यातलं एक मिरचीतल्या कॅप्सेसिननं चेततं. तेच उष्णतेनं आणि आम्लानंही चेततं. त्याचा शोध लावणारे डेव्हिड ज्युलियस यांना 2021 मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. दुसरं एक प्रथिन मोहरीच्या झणक्याला जागं होतं, तसंच क्लोरीनला, लाकडाच्या धुराला आणि प्लायवूडमधून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइडलाही. म्हणजे फोडणीचा ठसका, वर आलेलं आम्ल आणि कारखान्यातली गळती, तिन्हींची तक्रार मेंदूकडे जवळपास सारख्याच वाटांनी जाते. आपल्याला जाणवतं ते एवढंच, की जळजळतंय, खवखवतंय, काहीतरी अडकलंय. नुसत्या जाणिवेवरून कारण सांगता येत नाही ते यामुळेच, आणि म्हणून घड्याळाला आणि पत्त्याला इतकं महत्त्व येतं.

वायूंचंही एक गणित आहे. अमोनिया, हायड्रोजन क्लोराइड, सल्फर डायऑक्साइड हे वायू पाण्यात पटकन विरघळतात. श्वासावाटे आत शिरताच नाक आणि घशाच्या ओलाव्यात ते अडकतात आणि तिथेच आग करतात. त्रास मोठा होतो, पण तो माणसाला लगेच पळायलाही लावतो. फॉस्जीन किंवा नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळत नाहीत. ते घशाला फारसं न डिवचता थेट फुप्फुसात उतरतात आणि त्यांचा खरा त्रास काही तासांनी सुरू होतो. धुळीचंही तसंच. दहा मायक्रॉनहून मोठे कण बहुतांशी नाकाघशात अडतात आणि खवखव करतात, तर अडीच मायक्रॉनहून बारीक कण खोल फुप्फुसात पोचतात आणि घशाला त्यांचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे घसा धरला नाही म्हणजे हवा स्वच्छ आहे, असं मानून चालत नाही.

या पट्ट्यातल्या लोकांची एक जुनी तक्रार आहे की कारखानदार रात्रीच वायू सोडतात. तसं कोण करतं, कोण करत नाही, हा तपास यंत्रणांचा विषय आहे. पण दिवसाइतकाच वायू सुटला तरी रात्री तो जास्त बाधतो, हे भौतिकशास्त्र आहे. दिवसा तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते आणि आपल्याबरोबर धूर, वाफा घेऊन जाते. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर निवते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते आणि तिच्यावर तुलनेनं उबदार हवेचा थर बसतो. खालची हवा मग खालीच राहते. त्यात अंबरनाथ-बदलापूरच्या एका अंगाला मलंगगड-माथेरानची डोंगररांग. थंडीत बदलापूरचा पारा मुंबईपेक्षा किती खाली गेला याची बातमी आपण कौतुकानं वाचतो. ज्या निरभ्र, निवांत, गार रात्री ही बातमी बनते, त्याच रात्री धूर जमिनीलगत साचतो. पहाटेची लोकल पकडायला निघालेल्याला तो रस्त्यावर धुक्यासारखा दिसतो आणि घशाला वेगळा कळतो.

12 सप्टेंबर 2024 रोजी अंबरनाथच्या मोरिवली एमआयडीसीतून असाच धूर रात्री शहरात पसरला. रेल्वेमार्गावरही धुरकट पडदा दिसत होता आणि लोकांनी डोळे-घसा जळजळण्याच्या तक्रारी केल्या. त्याच्या दहा वर्षं आधी, 2014 च्या नोव्हेंबरअखेरीस, उल्हासनगरात याहून मोठा प्रकार घडला होता. वालधुनीच्या पात्रात टँकरमधून रसायन ओतलं गेलं आणि काठच्या वस्तीतल्या शेकडो लोकांना श्वासाचा आणि घशाचा त्रास होऊन रुग्णालयात न्यावं लागलं. नदीत ओतलेल्याचा घशाला त्रास कसा, असा प्रश्न पडू शकतो. सल्फाइड असलेलं सांडपाणी आम्लाच्या सांडपाण्याला भेटलं की त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तो सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. थोडा असेल तर त्याचा वास असह्य होतो. प्रमाण फार वाढलं की हुंगण्याची शक्तीच बधिर होते आणि ‘वास गेला बाबा एकदाचा’ असं वाटतं. त्या क्षणी माणूस सगळ्यात जास्त धोक्यात असतो.

या वालधुनीची कहाणी वेगळ्या प्रकरणाएवढी आहे. काकोळे गावाजवळच्या डोंगरात ती उगम पावते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनं आपल्या पाण्यासाठी तिथे बांधलेला तलाव आजही जीआयपी टँक म्हणून ओळखला जातो. पुढे ती अंबरनाथच्या 1060 सालच्या शिलाहारकालीन शिवमंदिराला लागून वाहते, उल्हासनगर ओलांडते आणि कल्याणजवळ उल्हासला मिळते. अंबरनाथला कारखानदारी लवकर आली. 1919 मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीनं इथे सल्फ्युरिक आम्ल आणि खतं बनवायला घेतली. काडेपेट्यांची विमको आली, तिचं नाव विमको नाक्याला आजही चिकटलेलं आहे. शेजारच्या कल्याण कॅम्पातल्या लष्करी बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या छावणीचं उल्हासनगर झालं. पुढे एमआयडीसी आल्या, बारवी धरण झालं. घरं आणि कारखाने यांच्यामधलं मोकळं रान मात्र दर दशकाला आक्रसत गेलं, आणि आता बऱ्याच ठिकाणी खिडकी उघडली की समोर धुराडं दिसतं.

जानेवारी 2019 मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेचे निकष सातत्यानं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत महाराष्ट्रातून उल्हासनगरही आहे आणि बदलापूरही आहे. मधलं अंबरनाथ नाही. अशा याद्या कुठल्या शहरात किती मोजणी झाली यावर ठरतात, हे मान्य. पण उल्हासनगरातून निघालेली वाईट हवा अंबरनाथच्या वेशीवर थांबते आणि मग लोकल पकडून बदलापूरला उतरते, असं काही होत नसावं.

गळतीच्या वेळी काय करायचं, ते इथेच सांगून टाकतो. घरात असाल तर दारं-खिडक्या लावा, बाहेरची हवा ओढणारे पंखे आणि एसी बंद करा, फटींना ओली फडकी लावा. बाहेर असाल तर वाऱ्याच्या दिशेनं धावू नका, त्याला आडवे चालत धुराच्या पट्ट्याबाहेर पडा. ओला रुमाल पाण्यात विरघळणारे वायू थोडेफार अडवतो, बाकीच्यांपुढे त्याचा उपयोग नाही. डोळे आणि चेहरा भरपूर पाण्यानं धुवा. दमेकरी, लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांना तास-दोन तासांनी खोकला किंवा धाप वाढली तर ‘आता वास नाही’ म्हणून घरी थांबू नका.

इतकं वाचून कोणी आपल्या प्रत्येक खवखवीचं खापर कारखान्यावर फोडेल, तर तेही चूक. मोठ्यांच्या घसादुखीत दहापैकी आठ-नऊ वेळा कारण साध्या सर्दी-पडशाचे विषाणू असतात. बदलापूर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून 68 किलोमीटरवर, अंबरनाथ 60, उल्हासनगर 58. सकाळच्या लोकलमध्ये तास-सव्वा तास दुसऱ्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभं राहिल्यावर कोणाचा खोकला कोणाकडे गेला, याचा हिशेब लागत नाही. असा घसा आधी नाक गळण्यानं, शिंकांनी वर्दी देतो, दोन-तीन दिवस छळतो आणि आठवड्याभरात आपोआप बरा होतो. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, पुरेसं पाणी, लागलीच तर पॅरासिटामॉल, एवढं पुरतं. मधानं बरं वाटतं, मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. अँटिबायोटिकचा इथे काडीचाही उपयोग नाही. तरी केमिस्टच्या काउंटरवर ‘घशासाठी तीन गोळ्या द्या’ म्हटलं की त्या मिळतात. विषाणूचा घसा तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओसरतोच, आणि श्रेय गोळीला जातं. या गैरसमजानं आपल्याकडे जंतूंना जितकं निर्ढावलंय, तितकं दुसऱ्या कशानं क्वचितच केलं असेल.

अँटिबायोटिक लागतं ते स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जिवाणूला. शाळकरी मुलांच्या घसादुखीत चार-पाचांपैकी साधारण एकाला तो असतो. एकाएकी ताप, गिळताना काच टोचल्यासारखं दुखणं, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, जबड्याखाली दुखऱ्या गाठी, आणि मुख्य म्हणजे खोकला-सर्दी नाही, असं चित्र दिसलं तर मुलाला डॉक्टरकडे न्या आणि दिलेला कोर्स पुरा करा, मग तो दहा दिवसांचा असला तरी. कारण या जंतूमागून काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि त्यात हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं तर हा धोका टळतो.

आता लोकलच्याच प्रवाशाचा दुसरा घसा. तो आठवड्यात बरा होत नाही. रोज सकाळी उठल्यावर दहा मिनिटं खाकरणं, आवाज दुपारपर्यंत घोगरा, घशात केस किंवा गोळा अडकल्याची भावना. ताप नाही, सर्दी नाही. रक्त तपासलं तर सगळं ठीक. अशा माणसाचा दिनक्रम विचारावा. पहाटे रिकाम्या पोटी चहा घेऊन निघणं, दिवसभरात आणखी चार-पाच कटिंग, संध्याकाळी कल्याणपर्यंत उभं राहून मग कुठे बसायला जागा, घरी पोचेपर्यंत साडेनऊ, साडेदहाला पोटभर जेवण, आणि सकाळी पुन्हा लवकर उठायचं म्हणून अकराला अंथरुणावर. जठराच्या तोंडाशी स्नायूंची एक झडप असते. भरल्या पोटी आडवं झालं की तिच्यावर दाब येतो आणि आम्ल व पेप्सिन वर सरकतात. जठराचं अस्तर या माऱ्याला सरावलेलं असतं, घशाचं नसतं. छातीत जळजळ होईलच असं नाही, आणि त्यामुळेच पित्ताचा संशय कोणाला येत नाही. माणूस खोकल्याच्या बाटल्या रिचवत राहतो. यावर पहिला उपाय वेळापत्रकाचा आहे. जेवण आणि झोप यात तीन तास ठेवायचे. ते जमत नसेल, आणि बदलापूरच्या नोकरदाराला ते जमणं अवघडच, तर मुख्य जेवण दुपारी किंवा संध्याकाळी गाडी पकडण्याआधी उरकावं आणि रात्री घरी थोडीशी खिचडी किंवा तत्सम हलकं काही. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून तो सहा इंच उचलावा. नुसती उशी उंच केली तर मान मुडपते आणि पोटावरचा दाब उलट वाढतो.

नाकाकडून येणारा त्रासही असाच चिवट. नाक आणि सायनस मिळून दिवसाला साधारण एक लिटर स्राव तयार करतात आणि तो आपण नकळत गिळतो. ॲलर्जीत तो वाढतो, घट्ट होतो आणि घशाच्या मागच्या भिंतीवरून ओघळत राहतो. टॉर्चच्या उजेडात ती भिंत मग खडबडीत, दाणेदार दिसते. ॲलर्जी कशाची, हे पुन्हा पत्त्यावर. उल्हास आणि वालधुनीच्या काठच्या घरांत 26 जुलै 2005 ला पाणी शिरलं, 27 जुलै 2019 ला शिरलं. त्याच दिवशी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस हजाराहून अधिक प्रवाशांसह पुरात अडकली होती. पूर ओसरतो, पण भिंतीतली ओल महिनोन्‌महिने राहते. कपाटामागे, बेडच्या बॉक्समध्ये काळी बुरशी धरते आणि तिचे बीजाणू घरभर फिरतात. गावी गेलं की घसा मोकळा आणि घरी परतलं की पहिल्याच रात्री बंद, असं होत असेल तर कपाट सरकवून बघा. डासांसाठी रात्रभर जळणारी कॉइल हा आणखी एक घरगुती कारखाना. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण 75 ते 137 सिगारेटींमधून निघणाऱ्या कणांइतके भरले होते. मच्छरदाणी टांगायचा कंटाळा आपल्याला इतका महाग पडतो.

कामाच्या जागेचं तंत्र सोपं आहे. सोमवारी सुरू होऊन शनिवारपर्यंत वाढणारा आणि सुट्टीत उतरणारा त्रास कामाचा असतो. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारामागच्या गाळ्यांत लाकडाचा भुसा, पॉलिश आणि थिनर एकाच बंद हवेत असतात. जीन्सच्या धंद्यात कापडाचा रंग उडवायला सोडियम हायपोक्लोराइट वापरतात, मांडीवर फिकट पट्टा उठवायला पोटॅशियम परमँगनेटचा फवारा मारतात. न्यायालयीन लढायांनंतर शहरातली बरीच धुलाई-रंगाई युनिटं बंद झाली, काही आजूबाजूला सरकली. फवारा मारणाऱ्याच्या तोंडाला मात्र अजूनही बऱ्याच ठिकाणी रुमालच असतो. कण अडवायला किमान एन-95 मास्क लागतो, वाफांसाठी कोळशाची कार्ट्रिज असलेला. रुमालानं यातलं काहीच होत नाही. शिक्षक, रिक्षास्टँडवर ओरडणारे आणि भजनी मंडळातले गायक यांच्या बाबतीत कारण हवेत शोधू नये. त्यांच्या स्वरतंतूंना आराम हवा असतो. कुजबुजणं म्हणजे आराम नव्हे, त्यानं आवाजावर आणखी ताण येतो.

दोन कारणं डॉक्टरांच्याही नजरेतून निसटतात. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी काहींना घशात सतत गुदगुल्या आणि कोरडा खोकला होतो. गोळी बदलली की काही आठवड्यांत तो जातो, पण ती डॉक्टरांनीच बदलायची. दुसरं, दम्याचा स्टेरॉइड पंप ओढल्यावर चूळ न भरल्यानं घशात बुरशी धरते.

राहिला तंबाखू. महाराष्ट्रानं 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तिची अंमलबजावणी कशी चालली आहे ते कोणत्याही स्टेशनबाहेरच्या टपरीखालची रिकामी पाकिटं सांगतात. सुपारीनं तोंडाचं आणि घशाचं अस्तर हळूहळू ताठर होत जातं. सुरुवातीला साधी आमटीसुद्धा तिखट लागते आणि झोंबते. मग तोंड पूर्वीइतकं उघडेनासं होतं. आपलीच उभी धरलेली तीन बोटं दातांच्या मधून आत जात नसतील, तर ती अवस्था आलीच म्हणायची. अशा माणसाची घशाची तक्रार गुळण्यांवर सोपवू नये. तसंच तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, एकाच बाजूला दुखणारा आणि कानात कळ नेणारा घसा, मानेत न दुखणारी पण वाढणारी गाठ, थुंकीत रक्त, घास अडकणं किंवा कारणाशिवाय वजन उतरणं, यातलं काही असेल तर थेट कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं. लाळही गिळता येत नसेल किंवा श्वास घेताना घरघर होत असेल तर तज्ज्ञाची वेळ घेत बसू नका, 108 ला फोन लावा. एरवी तज्ज्ञ नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरयंत्र बघतात. घसा बधिर करणारा फवारा मारलेला असतो, काम पाच-दहा मिनिटांत होतं, आणि पाहिजे तर पडद्यावर आपल्यालाही ते दोन पांढरे पडदे उघडताना-मिटताना बघता येतात.